स्टूल सगळ्यात शेवटी घ्या: दाताच्या दवाखान्यातली पाठदुखी कशी आवरायची

गोव्यात फोंडा, म्हापसा, मडगाव, कुठंही बघा, दाताच्या डॉक्टरांची पाठ धरली की पहिला फोन डीलरला जातो. चांगलं स्टूल दाखवा म्हणून. स्टूल येतं, थोडे दिवस बरं वाटतं, आणि मग दुखणं परत आपल्या जागेवर. फिजिओथेरपिस्ट म्हणून माझ्याकडे ही मंडळी पोचतात ती बहुतेक वेळा दुसरं स्टूल घेऊन झाल्यावर. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! पाठ वाकते ती पेशंटचं तोंड चुकीच्या जागी असतं म्हणून, आणि ते तोंड तिथंच राहिलं तर कितीही महागाच्या स्टूलवर बसून माणूस वाकणारच. म्हणून या लेखात स्टूलखरेदी बरीच उशिरा येईल. आधी स्वतःची बैठक, मग पेशंट, मग खोली, त्यानंतर स्टूल.

आधी दोन फोटो

दिवसाच्या शेवटच्या तासात, वरच्या उजव्या बाजूच्या शेवटच्या दाढेचं काम चालू असताना कुणाला तरी मोबाइलवर दोन फोटो काढायला सांगा. एक बाजूनं, एक पाठीमागून. पेशंटला विचारून घ्या आणि त्याचा चेहरा येऊ देऊ नका. सकाळी फोटो काढण्यात अर्थ नाही, सकाळी सगळेच ताठ बसतात.

बाजूच्या फोटोवर कानापासून खांद्यापर्यंत एक रेघ ओढा आणि खांद्यापासून खुब्यापर्यंत दुसरी. एका जागी स्थिर राहून करायच्या कामांसाठी आयएसओ ११२२६ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. आधार नसताना धड २० अंशांपर्यंत आणि डोकं २५ अंशांपर्यंत पुढं झुकलेलं ते चालवून घेतं. कोनमापक शोधत बसू नका. सरळ उभी रेघ म्हणजे घड्याळातले बारा धरा; बारा ते एक हे अंतर ३० अंशांचं असतं. तुमची रेघ एकच्या आकड्यापर्यंत पोचली असेल तर मर्यादा ओलांडली, असं ढोबळमानानं धरा. बऱ्याच जणांची मान दीडच्या आसपास सापडते.

डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं असतं. ते पुढं झुकलं की मानेवरचा भार किती वाढतो याचं गणित केनेथ हंसराज या न्यूयॉर्कच्या मणक्याच्या सर्जननी २०१४ साली संगणकाच्या मॉडेलवर मांडलं होतं. त्यांच्या हिशेबात ४५ अंशांना तो २२ किलोच्या घरात जातो. मॉडेलचं गणित आहे, शब्दशः घेऊ नका, पण भाराचा अंदाज त्यावरून येतो.

पाठीमागच्या फोटोत तीन गोष्टी बघा. एक खांदा वर चढलाय का? कोपर अंगापासून फाकलंय का? आणि पाठ स्टूलच्या पाठटेकीला लागलीय का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर जवळपास सगळ्यांचं एकच येतं. बूड स्टूलच्या पुढच्या कडेवर आणि पाठटेक मागं मोकळी.

कंबरेची खळगी हाताला कळते

आता पेशंट नसताना एक छोटी तपासणी करा. स्टूल जरा उंच घेऊन बसा. मांड्या गुडघ्यांकडे उतरत्या हव्यात, पाय पूर्ण टेकलेले. एक पंजा पालथा करून पट्ट्याच्या रेषेत, कंबरेच्या खळगीत ठेवा. मग लिव्हर दाबून हळूहळू खाली या. मांड्या जमिनीला समांतर व्हायला लागल्या की खळगी भरत जाते. अजून थोडं खाली आलात की मणक्यांची टोकं हाताला एकेक करून लागतात, आणि शेवटी कंबर मागं फुगते. हे तुम्ही मुद्दाम करत नाही. मांडीच्या मागचे स्नायू ताणले जातात आणि कटीचं हाड मागं फिरवतात.

अमेरिकन सर्जन जे. जे. कीगन यांनी १९५३ साली एक्स-रे काढून हेच दाखवलं होतं. मांडी आणि धड यांतला कोन काटकोनाकडे आला की कंबरेचा नैसर्गिक बाक सपाट होतो. पुढं स्वीडनच्या आल्फ नाखेमसन यांनी दोन मणक्यांमधल्या चकतीतला दाब प्रत्यक्ष मोजला. उभं असताना १०० धरला तर आधाराशिवाय ताठ बसल्यावर १४० च्या आसपास आणि बसून पुढं झुकल्यावर १८५ पर्यंत. नंतरच्या मोजमापांत ताठ बसण्याचा आकडा इतका मोठा आला नाही. वाकून बसणं मात्र त्यांतही महागच ठरलं.

शाळेपासून शिकवलेलं 'गुडघे काटकोनात, ताठ बसा' हे दाताच्या कामाला लागू पडत नाही. इथं मांडी आणि धड यांत ११० ते १२५ अंश ठेवा. गुडघे खुब्यांपेक्षा खाली आले की झालं.

रोजची पहिली हालचाल

बहुतेक दवाखान्यांत पेशंट आधी चेअरवर बसतो, असिस्टंट चेअर 'नेहमीच्या' उंचीला आणते, आणि डॉक्टर येऊन उरलेल्या जागेत स्वतःला बसवतात. हे उलटं करा.

आधी स्टूल तुमच्या पायांप्रमाणे लावा. दोन्ही तळवे जमिनीवर, पाय खांद्याइतके फाकलेले, फूट कंट्रोल, म्हणजे ड्रिल चालवायचं पेडल, इतकं जवळ की पाऊल पुढं ताणावं लागू नये. पेडल लांब असेल तर त्या बाजूचा खुबा पुढं सरकतो आणि कंबर दिवसभर पीळ खाते. एकाच बाजूची कंबर दुखते अशी तक्रार असली की मी पहिल्यांदा पेडलचीच चौकशी करतो. बूड मागं सरकवून पाठटेक पट्ट्याच्या जरा वर टेकेल अशी आणा. खांदे सैल सोडा, कोपरं बरगड्यांजवळ, हात पुढं. हात जिथं सहज येतात तिथं पेशंटचं तोंड आलं पाहिजे.

पेशंटला तुमच्याकडे आणा

सगळ्यात जास्त फरक इथं पडतो आणि यात पैसा लागत नाही.

उंची: पेशंटचं तोंड तुमच्या कोपराच्या पातळीला, फार तर चार-पाच सेंटिमीटर वर. डोळ्यापासून दातापर्यंत ३५ ते ४५ सेंटिमीटर अंतर बहुतेकांना पुरतं. चेअर फार वर असली की खांदे चढतात आणि फार खाली असली की पाठ वाकते. खांदे दुखतात की कंबर, यावरून चेअर कुठं चुकतेय त्याचा अंदाज येतो.

डोकं हेडरेस्टच्या अगदी टोकाला हवं. पेशंट चेअरवर बसताना नेहमी खालीच बसतो आणि आडवं केल्यावर आणखी चार बोटं घसरतो. तेवढ्यासाठी डॉक्टर पाऊण तास वाकतात. चेअर आडवी झाल्यावर 'मातशें वयर सरात' (जरा वर सरका) हे वाक्य हातमोजे घालण्याइतकंच सवयीचं झालं पाहिजे. लाजायचं कारण नाही, पेशंट सरकतात.

वरच्या दातांसाठी चेअर पूर्ण आडवी करा आणि हनुवटी वर घ्या. वरच्या दातांची चावायची पातळी जमिनीशी उभी, किंवा त्याहूनही जराशी मागं झुकलेली असावी. शेवटच्या दाढेसाठी मानेखाली टॉवेलची छोटी गुंडाळी ठेवली की ती समोर येते. खालच्या दातांसाठी चेअरची पाठ वीसेक अंश उचला, हनुवटी खाली, आणि चेअर थोडी उतरवा. वरून खाली काम बदललं की चेअरही बदलली पाहिजे. एकाच सेटिंगमध्ये तोंडाचे चारही भाग उरकायची सवय दहा सेकंद वाचवते आणि मान घालवते.

डोकं वळवायलाही सांगा. डावीकडे, उजवीकडे, माझ्याकडे. पेशंटची मान एका भेटीसाठी वळते, तुमची वर्षभर वळते. आणि वरच्या मागच्या दाढांना आरसा वापरा. आरशात बघून काम करायचा कंटाळा हेच पुष्कळांच्या मानदुखीचं मूळ आहे. कॉलेजात तो हात बसला नसेल तर आता बसवा, आधी नुसत्या तपासणीला, मग स्केलिंगला (दात साफ करायला), शेवटी एअरोटरला, म्हणजे ड्रिलला.

आता अडचणीचे पेशंट. 'दोतोर, चड आडवी करूं नाकात' (डॉक्टर, जास्त आडवी करू नका), असं म्हणणाऱ्या आजी प्रत्येक दवाखान्यात असतात, आणि बऱ्याचदा त्यांचं बरोबर असतं. हृदय कमजोर असलेले, दम्याचे किंवा फुप्फुसाच्या जुन्या आजाराचे, पाठीला पोक आलेले पेशंट सपाट झोपू शकत नाहीत. पोक असेल तर डोक्याखाली उशी देऊन बघा. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत सरळ उताणं झोपवू नका. गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर येऊन चक्कर येते. उजव्या खुब्याखाली छोटी उशी देऊन अंग डावीकडे कलतं करा. ज्यांना अजिबात आडवं करता येत नाही त्यांचं काम सरळ उभं राहून करा. चेअर वर घ्या, तोंड कोपरापाशी आणा, आटपा. १९५० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत, पूर्ण आडव्या होणाऱ्या चेअर येण्याआधी, बहुतेक सगळे उभ्यानंच काम करत होते. बसूनच काम करावं हा आता जवळपास धर्म झालाय, तो मला पटत नाही. दाढ काढणं, दातांचे ठसे घेणं, तपासणी, ही कामं उभ्यानं केली तर दिवसात आपोआप पालट होतो.

घड्याळाचे काटे आणि खोलीच्या भिंती

पेशंटचं डोकं घड्याळाच्या मध्यावर धरा, बारा म्हणजे डोक्याच्या मागं. उजव्या हातानं काम करणाऱ्याची जागा सात ते बारा, असिस्टंटची दोन ते चार. चार ते सात या पट्ट्यात, पेशंटच्या छातीवर, साधनं या हातातून त्या हातात जातात. बारा ते दोन ट्रॉली आणि साहित्याचं. डावखुऱ्यांनी हे आरशात बघितल्यासारखं उलटं करायचं. नऊला खिळून बसणारे सर्वांत जास्त वळतात. अकरा ते बारा ही जागा पाठीला सगळ्यात सोपी, कारण तिथून धड सरळ राहतं आणि आरसा हाताशी येतो.

अडचण एवढीच की बाराची जागा कित्येक दवाखान्यांत असतच नाही. बाजारातल्या बिल्डिंगीतला गाळा किंवा जुन्या घराची पुढची खोली, आणि चेअर अशी बसवलेली की हेडरेस्टच्या मागं वीतभरावर भिंत किंवा बेसिन. नवीन दवाखाना करत असाल तर हा परिच्छेद प्लंबरला बोलवायच्या आधी वाचा. चेअरच्या पाण्याची, हवेची आणि निचऱ्याची लाइन एकदा लादीखाली गेली की चेअर हलवायची म्हणजे लादी फोडायची. चेअर पूर्ण आडवी करून हेडरेस्टच्या टोकापासून भिंतीपर्यंत निदान दोन-अडीच फूट मोकळे मिळतात का ते खडूनं जमिनीवर आखून बघा. सरळ बसत नसेल तर तिरकी बसवा. कोपऱ्याकडे डोकं करून कर्णरेषेत ठेवलेली चेअर छोट्या खोलीतही चांगली जागा देते.

आता स्टूल

चेअरच्या पॅकेजबरोबर जे डॉक्टर स्टूल येतं ते सहसा सगळ्यात सामान्य प्रतीचं असतं. गोल, सपाट, पाठटेक नावापुरती. घरी ठेवा आणि स्वतःच्या मापाचं घ्या.

माप असं. दवाखान्यातलीच चप्पल घालून बसा आणि गुडघ्याच्या मागच्या लवणीपासून जमिनीपर्यंत टेप लावा. पाच फूट एक इंच उंचीच्या बाईंचं हे माप चाळीस सेंटिमीटरच्या आसपास येतं. सपाट किंवा पुढं उतरत्या बैठकीला याहून थोडं जास्त लागतं, सॅडलला, म्हणजे घोड्याच्या खोगिरासारख्या बैठकीला, दहा-पंधरा सेंटिमीटर जास्त. पण बाजारातली बरीच स्टुलं उंच पुरुषांच्या हिशेबानं येतात आणि पूर्ण खाली घेतली तरी पन्नासच्या वरच अडतात. मग पाय टेकावेत म्हणून डॉक्टरीणबाई कडेवर येऊन बसतात आणि पाठटेक वाया जाते. गॅस सिलिंडर वेगवेगळ्या लांबीचे मिळतात. घेतानाच आखूड सिलिंडर मागा. जुन्या स्टूलचाही बदलता येतो, ऑफिसच्या खुर्च्या दुरुस्त करणारा करून देईल.

बैठक पुढं कलती करता येणारी हवी. पाठ टेकल्यावर गुडघ्यामागं तीन बोटं जातील इतकीच खोल. पुढची कड गोल. पाया पाच चाकांचा.

सॅडल स्टूलबद्दल खूप बोललं जातं. ऑस्ट्रेलियातल्या मेरी गेल या ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या लक्षात आलं की चाकाच्या खुर्चीत पोक काढून बसणारे रुग्ण घोड्यावर बसले की आपोआप ताठ होतात. त्यातून १९८० च्या दशकात सॅडल आकाराची बैठक आली. तत्त्व तेच, मांड्या उतरत्या आणि खळगी शाबूत. ज्यांची चेअर पुरेशी वर जाते आणि जिची पाठ पातळ आहे, त्यांना मी सॅडल सुचवतो. जुन्या जाड पाठीच्या चेअरखाली फाकलेले गुडघे शिरत नाहीत, तिथं ते घेऊन फसगत होते. सुरुवातीला मांड्यांच्या आतल्या बाजूला दुखतं. पहिल्या आठवड्यात दिवसाला एखादा तासच बसा, मग वाढवा. खुब्याचा सांधा झिजलेला असेल तर नको. बैठकीच्या मधोमध दाब येऊन बधिर वाटत असेल तर मध्ये फट असलेलं सॅडल बघा. आणि घट्ट जीन्स घालून सॅडलवर बसू नका.

गोव्याची हवा स्टूलला सोसत नाही हेही हिशेबात धरा. स्वस्तातलं पीयू लेदर (नकली चामडं) दमट हवेत सोलून निघतं, त्यात रोज हायपोक्लोराइटनं, म्हणजे जंतुनाशकानं, पुसलं तर आणखी लवकर. बिनशिवणीचं किंवा कमीत कमी शिवणीचं व्हिनाइल घ्या. शिवणीतून पाणी आत गेलं की पावसाळाभर फोम वाळत नाही आणि वास मारतो. किनाऱ्याजवळच्या दवाखान्यात क्रोमचा पाया खाऱ्या वाऱ्यानं पुटकुळ्या धरतो, त्यापेक्षा अॅल्युमिनियम किंवा नायलॉन बरा. लादीवर मऊ रबरी चाकं घ्या, कडक प्लास्टिकची घसरतात, आणि घसरतं स्टूल पायांनी धरून ठेवण्यात मांड्या दमतात. बैठकीवर टॉवेल अंथरायची सवय असेल तर सोडा. तो सरकतो आणि तुम्हाला कडेवर आणतो.

दुकानात दोन मिनिटं बसून काहीच कळत नाही. डीलरला चार-आठ दिवस दवाखान्यात ठेवायला सांगा. खरेदी होणार असेल तर बहुतेक जण तयार होतात.

आणि ती, जी दिवसभर उभी असते

डॉक्टरांचं स्टूल हजारोंचं आणि असिस्टंट मुलगी प्लास्टिकच्या स्टूलवर, किंवा त्याशिवायच. एका हातात सक्शन, दुसऱ्यात लाइट क्युअर (दातातलं सिमेंट कडक करायचा दिवा), कंबर आडवी वळलेली, आणि मधल्या वेळेत खाली बसवलेल्या सिंकमध्ये हत्यारं धुणं. वर सकाळ-संध्याकाळ डिचोली किंवा वाळपईहून कदंबच्या बसमधून उभ्यानं प्रवास. माझं मत विचाराल तर बजेट एकाच चांगल्या स्टूलचं असेल तर पहिलं तिला घ्या. ती नीट बसली की सक्शन नीट धरते, सक्शन नीट असलं की डॉक्टरांना तोंडात डोकावावं लागत नाही.

असिस्टंटनं डॉक्टरांपेक्षा १० ते १५ सेंटिमीटर उंच बसायचं, म्हणजे तिला वरून तोंडात दिसतं. एवढ्या उंचीवर पाय जमिनीला लागत नाहीत, म्हणून तिच्या स्टूलला पाय ठेवायची रिंग असणं भागच आहे, आणि पुढं झुकताना पोटाला किंवा बरगडीला टेकायला फिरता दांडा असला तर उत्तम. स्टूल चेअरला चिकटवून, गुडघे पेशंटच्या डोक्याच्या दिशेनं. जागाच नसेल आणि उभं राहावंच लागत असेल तर पायाखाली चार-पाच इंचांची लाकडी फळी द्या, एक पाय वर, एक खाली, मधून मधून पालटायचा. सिंकचा तळ इतका वर हवा की धुताना कंबर वाकू नये. नसेल होत तर आत उलटं पातेलं ठेवून त्यावर ट्रे ठेवा.

लूप्स आणि दिवा

लूप्स, म्हणजे चष्म्यावर बसवलेली भिंगं, मान वाचवतात, पण भिंगाचा खाली झुकलेला कोन पुरेसा असेल तरच. तो कमी असला की दात दिसावा म्हणून मान वाकवावी लागते आणि माणूस पैसे देऊन दुखणं घेतो. प्रदर्शनाच्या स्टॉलवर उभ्या उभ्या माप देऊ नका. वर सांगितल्याप्रमाणे बैठक लावून, स्वतःच्या चेअरवर कुणाला तरी झोपवून अंतर मोजा. ओव्हरहेड लाइटचा झोत तुमच्या नजरेच्या रेषेला जितका समांतर तितकी सावली कमी, आणि सावली चुकवायला मान वळवणंही कमी.

दोन पेशंटांच्या मधली अर्धी मिनिटं

हातमोजे काढलेत की उभे राहा, दोन्ही पंजे कंबरेवर ठेवा आणि गुडघे न वाकवता सावकाश मागं झुका. पाच-सहा वेळा. मग हनुवटी मागं ओढा, जणू डबल चिन करताय. एवढंच, पण प्रत्येक पेशंटनंतर. लागोपाठ तीन रूट कॅनाल लावू नका, मध्ये एखादी तपासणी किंवा उभ्यानं करायचं काम टाका. अपॉइंटमेंटची वही हेही पाठीचं औषध आहे. घरी बर्ड-डॉग (चार पायांवर ओणवं होऊन उलट बाजूचे हात-पाय ताणणं), साइड प्लँक (एका कुशीवर कोपरावर अंग तोलणं) आणि अर्धवट कर्ल-अप (उताणं झोपून डोकं-खांदे जरासे उचलणं) हे तीन व्यायाम पुरेत. कॅनडाच्या स्टुअर्ट मॅकगिल यांनी पाठीसाठी हेच तीन पुढं आणले. कंबरपट्टा दुखणं भडकलेलं असताना दोन-चार दिवस ठीक, रोजचा पोशाख म्हणून नको.

कुठं थांबायचं

बैठक बदलल्यावर तीन-चार आठवड्यांत दुखणं ओसरायला लागलं पाहिजे. नाही ओसरलं तर तपासून घ्या. हाताच्या बोटांत मुंग्या येऊन मिरर निसटत असेल, किंवा कळ कंबरेतून गुडघ्याखाली उतरत असेल तर तेवढेही थांबू नका. पाऊल उचलताना घसटत असेल, ताप किंवा वजन घटणं यांबरोबर रात्री झोपमोड करणारी पाठदुखी असेल, तर त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. आणि लघवी अडली, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, किंवा बैठकीच्या जागी नि मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा आला, तर उरलेल्या अपॉइंटमेंट असिस्टंटला रद्द करायला सांगून थेट बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) कॅज्युअल्टीत जा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका.